कातडे का फुगते? हेन्री प्रॉक्टर आणि चर्मविद्येतील भौतिक रसायन

सीमाभागातील एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे भौतिक रसायन शिकवले. अभ्यासक्रमात 'डॉनन समतोल' नावाचे एक छोटे प्रकरण असे. एखादा मोठा विद्युतभारित रेणू एका बाजूला अडकून पडला असेल, तर त्याच्याभोवतीचे लहान आयन दोन्ही बाजूंना सारखे वाटले जात नाहीत, एवढेच त्याचे सार. विद्यार्थी सूत्र पाठ करत, गणित सोडवत आणि पुढच्या प्रकरणाकडे वळत. ज्या व्यवहारी प्रश्नांवर हे सूत्र सुरुवातीच्या काळातच कसाला लागले, त्यांतला एक प्रश्न कातडी कमावणाऱ्यांच्या हौदातला होता, हे मात्र पाठ्यपुस्तकात कोठेच नसे. तो प्रश्न आणि त्याचे उत्तर शोधणाऱ्या हेन्री रिचर्डसन प्रॉक्टर यांचा प्रवास येथे मांडायचा आहे. मजकूर रसायनाचा असला तरी त्याचा एक धागा आपल्या भाषेशी आणि समाजाशी जुळलेला आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. जनावराच्या अंगावरून काढलेले ते कातडे. त्यावर प्रक्रिया होऊन टिकाऊ झालेले ते चामडे. या दोहोंमधल्या क्रियेला मराठीत 'कमावणे' म्हणतात. पैसा कमावतात तसे शरीरही कमावतात, गवई आवाज कमावतो आणि ढोर समाजातील कारागीर कातडे कमावतो. मूळ वस्तूवर दीर्घकाळ मेहनत करून तिला गुण आणणे, हा अर्थ या सर्व वापरांत आहे. कच्चे कातडे ओले ठेवले तर कुजते आणि वाळवले तर पत्र्यासारखे ताठ होते. कमावलेले चामडे कुजत नाही आणि वाळल्यावरही वाकते. एवढा मोठा पालट एका क्रियापदात बसवणारी भाषा शास्त्राला अपुरी पडेल, असे मला कधी वाटले नाही.

प्रॉक्टर यांचा जन्म 1848 साली इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील नॉर्थ शील्ड्स येथे, कातडी कमावण्याचा धंदा असलेल्या क्वेकर पंथीय घराण्यात झाला. लंडनला रसायनशास्त्र शिकून ते घरच्या धंद्यात परतले. तेव्हा त्या धंद्यात रसायनशास्त्राला फारसा मान नव्हता. हौदातल्या पाण्याची चव घेऊन, कातडे बोटांनी दाबून आणि वासावरून जाणते कारागीर निर्णय घेत. प्रॉक्टर यांनी ती जाण नाकारली नाही. हाताला कळलेले मोजता कसे येईल, हा त्यांचा ध्यास होता. 1885 साली कमावण्याच्या विद्येवरील त्यांचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. 1891 साली लीड्स येथील यॉर्कशायर कॉलेजात चर्मोद्योगाचा विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा त्यांच्याकडे आली. पुढे हे कॉलेज लीड्स विद्यापीठ झाले आणि धंदेवाईक घरातला हा माणूस तेथे प्राध्यापक म्हणून मान्यता पावला. 1903 साली त्यांचा चामड्याच्या निर्मितीच्या तत्त्वांवरील मोठा ग्रंथ आला. कारखानदार, विश्लेषक, शिक्षक, ग्रंथकार अशा भूमिका करून 1913 साली ते निवृत्त झाले. त्यांच्या गौरवार्थ लीड्सला त्यांच्या नावाची संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली आणि त्यांचे सर्वांत मूलगामी काम निवृत्तीनंतरच झाले.

त्या कामाचा विषय होता फुगणे. कातडे कारखान्यात येते ते बहुधा मीठ लावून. ते भिजवतात, मग चुन्याच्या पाण्यात ठेवतात. तेथे केस सुटतात आणि कातडे जाड, टणक होऊन फुगते. मांसाचा थर खरडून आणि चुना काढून झाल्यावर कातडे कमावण्याच्या द्रवात जाते. वाटेत कोठे ते सौम्य आम्लात पडले तर पुन्हा फुगते. ही फूग बेताची असेल तर तंतू मोकळे होतात आणि कमावणारे द्रव्य आत पोचते. ती हाताबाहेर गेली तर तंतूंची वीण बिघडते आणि चामडे कमकुवत निघते. कारागिरांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक होती: आम्लाच्या पाण्यात पुरेसे मीठ असेल तर कातडे फुगत नाही. म्हणून मीठ आधी, आम्ल मागून. नियम पक्का होता, पण त्याचे कारण कोणालाच सांगता येत नव्हते. आणखी एक कोडे असे की, आम्ल थोडे वाढवले की फूग वाढते, पण एका मर्यादेपलीकडे आम्ल वाढवत गेले की ती उलट कमी होते.

कातडे म्हणजे तंतूंचे गुंतागुंतीचे विणकाम, त्यामुळे त्यावर नेमके मोजमाप करणे कठीण. प्रॉक्टर यांनी त्याऐवजी जिलेटिन घेतले. कातड्यातले मुख्य प्रथिन कोलॅजेन. ते पाण्यात तापवले की जिलेटिन होते. म्हणजे द्रव्य जवळपास तेच, पण वीण नाही. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या द्रावणांत जिलेटिन ठेवायचे, ते किती पाणी घेते हे पाहायचे आणि बाहेर किती आम्ल उरले, आत किती गेले हे मोजायचे, अशी ही चिकाटीची कामगिरी होती. तिचे निष्कर्ष 1914 साली आले. त्याआधी तीनच वर्षे, 1911 मध्ये, कोलंबोत जन्मलेले ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक डॉनन यांनी आपला समतोलाचा सिद्धांत मांडला होता. प्रॉक्टर यांनी त्यात आपल्या कोड्याची किल्ली ओळखली. लीड्सला आलेल्या जॉन आर्थर विल्सन या तरुण अमेरिकन रसायनशास्त्रज्ञासह 1916 साली त्यांनी फुगण्याची संपूर्ण उपपत्ती प्रसिद्ध केली. तेव्हा प्रॉक्टर अडुसष्ट वर्षांचे होते.

उपपत्ती समजायला अवघड नाही. आम्लात हायड्रोजन आयन धनभारित आणि क्लोराइड आयन ऋणभारित असतात. जिलेटिन हायड्रोजन आयन पकडून ठेवते आणि स्वतः धनभारित होते. ते जाळ्यात गुंतलेले असल्याने बाहेर जाऊ शकत नाही. त्याचा भार तोलायला तेवढे क्लोराइड आयन आतच थांबतात. डॉनन यांचा नियम असा की, मोकळ्या हायड्रोजन आणि क्लोराइड आयनांच्या तीव्रतांचा गुणाकार आत आणि बाहेर समान असतो.

वर्गात मी सोपे आकडे घेत असे. समजा, बाहेर दोन्ही आयन प्रत्येकी 2 आहेत; गुणाकार 4. जिलेटिनचा स्वतःचा धनभार 3 आहे. मग आत मोकळे हायड्रोजन 1 आणि क्लोराइड 4 असले पाहिजेत, कारण गुणाकार 4 येतो आणि भारही जुळतो. आता बेरीज करा. बाहेर 2 आणि 2 मिळून 4, आत 1 आणि 4 मिळून 5. गुणाकार सारखा, पण बेरीज आत जास्त. आत आयनांची गर्दी अधिक, म्हणून परासरणाने पाणी आत शिरते आणि जेल फुगते. जाळ्याची ताणशक्ती या दाबाला पुरी पडते, तेथे फुगणे थांबते.

आता बाहेरच्या द्रावणात मीठ टाका. धन आणि ऋण आयन प्रत्येकी 10 झाले, तर गुणाकार 100. जिलेटिनचा भार तोच, 3. हिशेब केला तर आत धन आयन सुमारे 8.6 आणि ऋण आयन सुमारे 11.6 येतात. आतली बेरीज 20.2, बाहेरची 20. आधी फरक 1 होता, तो आता जेमतेम 0.2 उरला. पाणी ओढणारी शक्ती ओसरली, फूग उतरली. 'मीठ आधी' या नियमाचे कारण हे. दुसरे कोडेही यातच सुटते. आम्ल वाढवताना सुरुवातीला जिलेटिनवरचा भार वाढतो, म्हणून फूग वाढते. आम्ल पकडणाऱ्या जागा भरत आल्या की भार फारसा वाढत नाही आणि नंतरचे जादा आम्ल मिठासारखेच काम करते.

एका वर्षी हे गणित चालू असताना मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, आमच्या आजोबांना हे माहीत होतं. आकडे नव्हते त्यांच्याकडे." तो अथणीकडचा, चामड्याचे काम करणाऱ्या घरातला होता. पुढच्या तासाला त्याने हिरड्याचे पाणी शिळे झाले की कातड्यावर काय होते, ते वर्गाला सांगितले. त्याचे सांगणे शास्त्राला धरून होते. हिरड्यात कमावणारे द्रव्य असते, तशी थोडी साखरही असते. ती आंबली की आम्ल तयार होते आणि ते कातड्याला बेताने फुगवते. हिरड्याच्या पाण्याचा हा गुण इंग्लंडच्या कारखान्यांतही जाणून होते, कारण हिरडा येथूनच तिकडे जात असे. व्यापारात त्याच्या प्रतींना आपल्या गावांची नावे होती. जबलपूर हे एक आणि गोव्याच्या शेजारचे वेंगुर्ले हे दुसरे. प्रॉक्टर यांच्या विद्येत जे द्रव्य मुरले, त्यात आपल्या रानचा वाटा होता.

विल्सन अमेरिकेत परतले आणि त्यांनी चामड्याच्या रसायनावर मोठा ग्रंथ लिहिला. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. मिलवॉकी शहराच्या सांडपाण्यातला गाळ लवकर गाळला जात नसे, त्या प्रश्नातही त्यांनी लक्ष घातले. गाळाच्या कणांवरचा भार आणि पाण्याची आम्लता यांचा संबंध चर्मविद्येने त्यांना शिकवलेलाच होता. जॅक लोब यांनी तर 1922 सालच्या आपल्या ग्रंथात प्रथिनांच्या एकूण वर्तनाचा अर्थच डॉनन समतोलाने लावला. ज्या विद्येला प्रतिष्ठित विज्ञान नाक मुरडत असे, तिच्या हौदातून प्रथिनांच्या शास्त्राची एक वाट निघाली.

प्रॉक्टर 1927 साली वारले. त्यांच्या प्रवासाकडे पाहताना मला एक फरक सतत जाणवतो. तेथे कातडी कमावणाऱ्याचा मुलगा घरची विद्या घेऊन विद्यापीठात गेला, आणि विद्यापीठाने त्याच्यासाठी विभाग उघडला. आपल्याकडे तीच विद्या ज्यांच्या हातात होती, त्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या दारात थांबवले गेले. मोजणाऱ्याला कातड्याचा स्पर्श वर्ज्य होता आणि स्पर्श जाणणाऱ्याला मोजमापाची साधने मिळाली नाहीत. उपपत्ती आपल्याकडे जन्मली नाही, याची कारणे शोधताना बुद्धीकडे बोट दाखवण्याआधी या भिंतीकडे पाहिले पाहिजे.

2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले चामडे सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच आहे. त्या कामातले शब्दही दोन्हीकडे आहेत, पण ते वापरणारे हात कमी होत चालले आहेत. मराठी विज्ञानाच्या परिभाषेसाठी आपण संस्कृत धातूंकडे तत्परतेने वळतो. त्याआधी अथणी, निपाणी, कोल्हापूर येथील कारागिरांकडे वही घेऊन जावे: भिजवण्यापासून घोटण्यापर्यंत प्रत्येक टप्प्याला ते काय म्हणतात, कातडे 'तयार' झाल्याची खूण कोणती मानतात, पाणी बिघडले हे कशावरून ओळखतात, हे सारे लिहून घ्यावे, आणि सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने शेजारी नोंदवावे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एका सुट्टीत करता येईल असे हे काम आहे. डॉनन समतोल शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी सूचना एवढीच की, सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी वर्गाला विचारावे: आम्लात कातडे का फुगते आणि मिठाने ते का उतरते? उत्तर एखाद्या मागच्या बाकावरून येईल.