चांदीचा ड्रॅगन आणि एका नाण्याच्या तीन किमती

तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी देव्हाऱ्यात नाहीतर कपाटाच्या लॉकरमध्ये एखादं तरी चांदीचं नाणं असेलच. लक्ष्मी-गणपती छाप असेल, आजीचा राणीछाप रुपया असेल. आमच्या अकोल्याच्या घरी मात्र चक्क ड्रॅगन आहे! मागच्या वर्षी तो विकायची वेळ आली, तेव्हा मला नाण्याबद्दल जे शिकायला मिळालं ते इथं लिहिते आहे. तुमचा तोटा वाचला तर लेखाचं सार्थक झालं म्हणायचं.

माझी धाकटी बहीण 2012 च्या श्रावणात जन्मली. पर्थला राहणाऱ्या आमच्या मामानं तिच्या बारशाला तिथल्या टांकसाळीचं चांदीचं नाणं आणलं. एका बाजूला इंग्लंडची राणी एलिझाबेथ आणि 1 डॉलर ही किंमत, दुसऱ्या बाजूला वळसे घेणारा ड्रॅगन. चिनी राशिचक्रात बारा प्राणी असतात आणि दर वर्षी एकाची पाळी येते. 1988, 2000, 2012 आणि 2024 ही ड्रॅगनची वर्षं. चिनी नववर्ष त्या साली 23 जानेवारीला सुरू झालं, म्हणजे माझी बहीण अस्सल ड्रॅगन. (घरात तिच्याशी भांडणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.)

गंमत म्हणजे या बारा प्राण्यांना पाच तत्त्वांशी जोडलं की साठ वर्षांचं चक्र होतं. 2012 हा 'जल-ड्रॅगन', त्याआधीचा 1952 साली. आपल्या पंचांगातही प्रभव ते क्षय अशी साठच संवत्सरं आहेत. आणि नाण्यावर प्राणी असणं आपल्याला तरी कुठं नवीन? मंगरुळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला 1939 मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, त्यांवर सोंड वर केलेला हत्ती आहे. तेव्हा ते गाव अकोला जिल्ह्यात होतं, आता वाशीम जिल्ह्यात आहे.

सराफाच्या दुकानात

मागच्या वर्षी सोयाबीनचे पैसे हाती आले नाहीत आणि माझी हॉस्टेलची फी भरायची होती. आई म्हणाली, "ड्रॅगन विकून पाहू." बहीण काही बोलली नाही, नुसती डबी आणून दिली. मी इंटरनेटवर वाचलं होतं की हे नाणं जास्तीत जास्त 3 लाखच पाडायचं असं टांकसाळीनं जाहीर केलं होतं आणि संग्राहक त्याला चांदीच्या भावापेक्षा चांगले जास्त पैसे देतात. मी मोठ्या ऐटीत एका दुकानात गेले.

काकांनी नाणं उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "पोरी, हे ड्रॅगन-फ्रॅगन आमाले समजत नाई. आमी वजनानं घेतो. टंच मायत नाई, म्हून धा टक्के बट्टा लागन."

मी कॉन्व्हेंटची, मला 'टंच' आणि 'बट्टा' हे शब्दच माहीत नव्हते. टंच म्हणजे धातूची शुद्धता, बट्टा म्हणजे कापून घेतलेली रक्कम. नाणं घेऊन परत आले. राग आला होता, पण नंतर विचार केला की काकांचंही चूक नाही. त्यांना नाणं वितळवायचं होतं, आणि आत काय आहे ते त्यांना दिसत नव्हतं.

लॅबमध्ये

मग आत काय आहे ते आपणच का पाहू नये? अमरावतीला परतल्यावर सरांची परवानगी घेऊन लॅबच्या काट्यावर नाणं ठेवलं. वजन 31.12 ग्रॅम. एक ट्रॉय औंस म्हणजे 31.1 ग्रॅम, तेव्हा वजन बरोबर. पण वजन कशाचंही जुळवता येतं. खरी परीक्षा घनतेची.

पद्धत एकदम सोपी. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. नाण्याला बुडबुडे चिकटलेले नकोत. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घन सेंटिमीटर नाण्याचं आकारमान. आर्किमिडीजचा सिद्धांत, आठवीचा! मला 2.97 मिळालं. 31.12 भागिले 2.97 म्हणजे 10.48. शुद्ध चांदीची घनता 10.49 आहे. तांब्याचं असतं तर घनता 8.96 आणि पाणी 3.47 ग्रॅम हटलं असतं. शिशाचं असतं तर 2.74.

इथं माझी रूममेट म्हणाली, "शिसं आणि तांबं मोजून मिसळलं तर 10.49 येणार नाही का?" येऊ शकतं. म्हणून दुसरी परीक्षा हवी, आणि ती वाहकतेची. सर्व धातूंमध्ये वीज आणि उष्णता सर्वांत चांगली वाहून नेते ती चांदी. नाणं तिरपं धरून त्यावरून लहान निओडिमियम चुंबक सोडला तर तो चिकटत नाही, पण घरंगळतही नाही, कोणी मागून धरल्यासारखा हळू सरकतो. चुंबक हलल्यानं धातूत भोवरी प्रवाह तयार होतात आणि तेच त्याला अडवतात. (टोकदार चुंबकानं ओरखडा पडतो, म्हणून मध्ये पातळ कागद ठेवा.) तांब्यावरही चुंबक हळू सरकतो, पण तांबं घनतेत नापास होतं. शिशाचं मिश्रण घनतेत पास झालं तरी वाहकतेत मागं पडतं. दोन्ही पेपर एकदम पास होणं नकलेला फार कठीण. आमचा ड्रॅगन दोन्हीत पास झाला.

मग घोडं कुठं अडलं?

नाण्याला तीन किमती असतात. पहिली छापील, इथं 1 डॉलर. दुसरी धातूची: वजन गुणिले शुद्धता गुणिले त्या दिवसाचा भाव. तिसरी संग्राहकाची. छापील किमतीचा धातूशी संबंध असेलच असं नाही. भारत सरकारनं 2023 मध्ये नव्या संसद भवनानिमित्त काढलेलं 75 रुपयांचं नाणं 35 ग्रॅमचं आहे, पण त्यात चांदी निम्मी, म्हणजे 17.5 ग्रॅम. आजीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. राणी व्हिक्टोरियाच्या रुपयात चांदी 91.7 टक्के, पण 1940 पासूनच्या चांदीच्या रुपयात 50 टक्केच. तेव्हा आधी साल वाचा.

आता तिसरी किंमत. मामाच्या ओळखीच्या एका संग्राहकाला फोटो पाठवले. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं: नाणं घासलेलं आहे, धातूच्या भावापेक्षा जास्त देता येणार नाही.

खरंच होतं. आई दरवर्षी लक्ष्मीपूजनाला नाणं डबीतून काढायची आणि राख-चिंचेनं लख्ख करायची. हवेतल्या गंधकाच्या वायूमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळसर थर येतो. तो नुसता डाग असतो, धातूला फारसा त्रास नसतो. पण राखेतले वाळूचे कण चांदीपेक्षा खूप कठीण. मोह्ज मापावर चांदी अडीचच्या आसपास, वाळूतलं क्वार्ट्झ सात. ठसा जोरात बसताना धातू बाहेरच्या दिशेला सरकतो आणि त्याच्या अतिशय बारीक रेषा उमटतात. नव्या नाण्याची फिरती चमक त्या रेषांमुळे असते. त्या एकदा घासल्या गेल्या की पॉलिश करून परत येत नाहीत. वजनात फरक जवळजवळ शून्य, पण तिसरी किंमत गेली.

आईला मी हे सांगितलं नाही. तिनं देवाची वस्तू म्हणून घासलं होतं, आणि ते तिच्या जागी बरोबरच होतं.

फी दोन हप्त्यांत भरायची परवानगी मिळाली आणि ड्रॅगन पुन्हा डबीत गेला. नाणं बहिणीचं आहे, विकायचं की नाही ते ती मोठी झाल्यावर ठरवेल.

दिवाळीला घरी गेलात की एवढं करा. नाणं कडेनं धरा, बोटांचा घाम लावू नका. घासू नका, टूथपेस्ट तर नाहीच नाही. रबरबँड लावू नका, त्यात गंधक असतं. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, हिरवट चिकटा धरतो. विकायचंच असेल तर आधी वजन आणि घनता काढून जा, म्हणजे टंच मायत नाई म्हणून बट्टा कापायला कोणाला कारण उरणार नाही. आणि पूजेला नाणं हवं असेल तर लक्ष्मी-गणपती छाप ठेवा, ते खुशाल घासा.