ताई, उपप्रश्न एकच विचारा

ताई, हारतुरे झाले, आभाराच्या सभा झाल्या. आता अधिवेशन तोंडावर आलंय आणि टेबलावर निवेदनांचा ढीग साचलाय. मी आयुष्यभर आमदारांचा स्वीय सहायक म्हणून राबलो. ज्या अण्णांच्या हाताखाली हे काम शिकलो, त्यांनी कानात सांगितलेलं तुम्हाला सांगतो. त्यात माझी भर थोडी, त्यांचंच जास्त.

आधी तो ढीग बाजूला सारा आणि त्यातून एकच विषय उचला. नव्या आमदाराला वाटतं, मतदारसंघाचं सगळं दुःख एका प्रश्नात कोंबावं: रस्ते, पाणी, डॉक्टर, एसटी, पीकविमा. तसं केलंत की उत्तर देणाऱ्याला पळायला पाच वाटा मिळतात, आणि तो त्यातली सगळ्यात सोपी धरतो. एक प्रश्न, एक खातं. एकाच गावाचा असला तरी बिघडत नाही. उलट बरंच.

तारांकित प्रश्नाचा साचा तुम्ही पाहिला असेलच. अमुक हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले. तदनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. साचा जुना आहे आणि वाईटही नाही. पण पहिल्या कलमात तुम्ही काय भरता, यावर खालचं सगळं ठरतं. ‘तालुक्यात तीव्र पाणीटंचाई निर्माण झाली आहे, हे खरे आहे काय’ असं लिहिलंत, तर उत्तर मी आत्ताच सांगतो: ‘हे अंशतः खरे आहे.’ चौकशीच्या कलमापुढे ‘आवश्यक ती कार्यवाही सुरू आहे’ आणि विलंबाच्या कलमापुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’. तुमचा महिनाभराचा खटाटोप तीन ओळींत आटोपला.

आता पाण्याचाच विषय नीट धरून बघू. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. माणशी रोज ५५ लिटर पाणी घरातल्या नळाला, असं ठरलं. गावोगाव पाइप पडले, टाक्या उभ्या राहिल्या, नळजोडण्यांचा आकडा वर चढला. म्हणून ‘किती नळजोडण्या दिल्या’ हे विचारूच नका. तो आकडा त्यांच्याकडं तयार असतो आणि तो सांगायला त्यांना आवडतो. तुम्ही पंचायत समितीत जा आणि टँकरच्या खेपांची नोंदवही बघा. योजना पूर्ण दाखवलेल्या एखाद्या गावात एप्रिल-मे महिन्यांत टँकर चालू असेल, तर तुमचा प्रश्न तिथंच सापडला. लिहायचं असं: ‘मौजे अमुक येथील नळपाणीपुरवठा योजना पूर्ण झाल्याचे दर्शविण्यात आले असून, त्याच गावात एप्रिल व मे या महिन्यांत टँकरने पाणीपुरवठा करण्यात आला, हे खरे आहे काय?’ दोन्ही कागद सरकारचेच, एकमेकांविरुद्ध उभे. हे वाक्य अंशतः खरं असूच शकत नाही. त्याखाली कार्यादेशाची तारीख, कामाची मुदत, मुदतवाढी किती दिल्या, ठेकेदाराला दंड लावला का, उद्भव विहीर उन्हाळ्यात टिकते का, हे विचारा. ‘भ्रष्टाचार’ हा शब्द वापरू नका. तारखा बोलतात तेवढं पुरे.

प्रश्न पाठवल्यावर तो कुठं कुठं फिरतो, हे कुणी सांगत नाही. विधानमंडळ सचिवालयातून तो मंत्रालयात त्या खात्याच्या कार्यासनाकडं जातो, तिथून जिल्हा परिषदेत, तिथून खाली उपअभियंत्याकडं. म्हणजे ज्याच्या कामाबद्दल प्रश्न, त्याच्याच टेबलावर उत्तराचा पहिला मसुदा लिहिला जातो. वर जाताना त्यावर सह्या वाढतात, मजकूर फारसा बदलत नाही. मंत्री सभागृहात वाचतात ते बहुतेक वेळा तालुक्याच्या गावीच लिहिलेलं असतं.

मग काय करायचं? त्या उपअभियंत्याला आधी भेटायचं. झापायला नव्हे, चहा प्यायला. तो बिचारा बहुधा दोन तालुक्यांचा पदभार वाहत असतो आणि अडचण कुठं आहे हे त्याला सगळ्यांत आधी ठाऊक असतं. तो हळूच सांगेल की टाकी झाली, पाइप झाले, पण पंपाला वीजजोडणीच नाही. किंवा ग्रामपंचायतीचं बिल थकलं म्हणून जोडणी तोडलीय. किंवा ठेकेदाराची देयके अडकल्यामुळं त्यानं माणसं काढून नेलीत. वीज नसेल तर तुमचा प्रश्न पाणीपुरवठा मंत्र्यांना नाहीच, तो ऊर्जा खात्याला जायला हवा. चुकीच्या खात्याला विचारलेला प्रश्न म्हणजे दोन मंत्र्यांना एकमेकांकडं बोट दाखवायची सोय. आणि खरं सांगतो, प्रश्न दाखल झाल्याचं कळलं की पुष्कळदा सभागृहात उत्तर येण्याआधीच काम हलतं. रातोरात खड्डे बुजतात, रिकाम्या दवाखान्यात प्रतिनियुक्तीवर डॉक्टर हजर होतो. तेवढ्यावर समाधान मानू नका. प्रतिनियुक्ती अधिवेशन संपलं की परत जाते.

सभागृहातला भाग मात्र वेगळा. १८९२ च्या कायद्यानं कौन्सिलातल्या सभासदांना प्रश्न विचारायचा हक्क मिळाला, पण उपप्रश्न विचारता येत नसे. सरकारनं उत्तर दिलं की विषय संपला. उपप्रश्नाचा हक्क १९०९ मध्ये आला, आणि तोही मूळ प्रश्न विचारणाऱ्यापुरता. इंग्रजानं उपप्रश्न एवढा उशिरा दिला तो उगीच नव्हे. छापील प्रश्नाचं उत्तर खातं देतं. उपप्रश्नाचं उत्तर मंत्र्याला स्वतः उभं राहून द्यावं लागतं. मागं अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठ्या येतात, पण चिठ्ठी पोचेपर्यंत मंत्री काहीतरी बोलून गेलेले असतात. तो क्षण तुमचा.

आणि तोच क्षण बहुतेक जण भाषणात घालवतात. ‘अध्यक्ष महोदय, माझा मतदारसंघ हा डोंगराळ, दुष्काळी…’ इथपर्यंत आलं की अध्यक्ष म्हणतात, प्रश्न विचारा. मग घाईघाईत तीन विचारले जातात आणि मंत्री तिसऱ्याचं, सगळ्यांत निरुपद्रवी प्रश्नाचं, सविस्तर उत्तर देऊन खाली बसतात. म्हणून उपप्रश्न एकच विचारा, आणि त्यात ‘कधी’ असू द्या. ‘या गावाला नळानं पाणी कोणत्या तारखेपर्यंत मिळेल?’ बस. ‘तपासून घेऊ’, ‘उचित कार्यवाही करू’, ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’, यांत काही नाही. तुम्ही पुन्हा उभ्या राहून तारीखच मागा. मंत्री ‘३१ मार्चपर्यंत पूर्ण करू’ म्हणाले की ते आश्वासन झालं, आणि आश्वासन समितीकडं त्याचा पाठपुरावा करता येतो. मंत्र्यांनी दिलेली तारीख हीच तुमची कमाई.

जुन्यांकडं बघा. मृणालताई गोरे गोरेगावच्या पाण्यासाठी आधी रस्त्यावर लढल्या, मग १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत आणि १९७२ मध्ये विधानसभेत गेल्या. लोकांनी त्यांना पाणीवाली बाई म्हटलं ते रस्त्यावरच्या हंड्यांमुळं. पण हंडा आणि आकडा दोन्ही हातात असणारा सदस्य मंत्र्याला जड जातो. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये पहिल्यांदा आणि एकूण ११ वेळा निवडून आले, बहुतेक काळ विरोधी बाकांवरच होते. विधान परिषदेत अमरावती पदवीधरचे बी. टी. देशमुख विदर्भाच्या सिंचन अनुशेषावर उभे राहिले की नियमाचं पुस्तक आणि आकड्यांचं टिपण दोन्ही तयार असायचं. या अनुशेषावरचा दांडेकर समितीचा अहवाल १९८४ चा. तो कपाटात पडून राहिला नाही, त्याचं श्रेय अशा चिवट माणसांना. आजच्या सदस्यांना रील छान करता येतात, एवढंच मी बोलतो.

सत्ताधारी पक्षात आहात म्हणून बिचकू नका. आपल्याच सरकारला प्रश्न विचारला की दुसऱ्या दिवशी पेपरात ‘घरचा आहेर’ असा मथळा येतो. येऊ द्या. फक्त अधिवेशनाआधी मंत्र्यांना एकदा भेटून विषय सांगा. पत्र द्या, पोच घ्या. पत्रावर काही झालं नाही म्हणून प्रश्न विचारला, असं म्हणता आलं पाहिजे. आणि प्रश्नावर शेजारच्या मतदारसंघातल्या विरोधी आमदाराचंही नाव घ्या. यादीत दोन्ही बाजूंची नावं दिसली की खातं ते राजकारण म्हणून झटकू शकत नाही; शिवाय तुम्ही त्या दिवशी हजर नसाल तर विचारणारं कुणीतरी असतं.

प्रश्न यादीत खाली गेला आणि तास संपला, असं फार होतं. रडू नका. लेखी उत्तर पटलावर येतंच. ते अपुरं वाटलं तर अर्धा तास चर्चा मागा. तातडीचं असेल तर नियम १०५ ची लक्षवेधी आहे. अर्थसंकल्पात खात्याच्या मागण्या येतात तेव्हा कपात सूचना द्या. ती पडणारच असते, पण बोलायला निमित्त मिळतं. नुसता आकडा हवा असेल तर अतारांकित पुरे, आणि शासन निर्णयात छापलेली माहिती विचारून प्रश्न वाया घालवू नका. न्यायालयात चालू असलेल्या विषयाला हात घालू नका, प्रश्न दाखलच व्हायचा नाही.

एक अप्रिय गोष्ट सांगणं भाग आहे. ठेकेदार प्रश्न घेऊन येतील, अगदी टाइप करून. दुसऱ्या ठेकेदाराचं काम थांबवायला. आणि तुम्ही स्वतःहून विचारलेला प्रश्न मागं घ्यावा म्हणूनही येतील. २००५ च्या डिसेंबरात प्रश्नांसाठी पैसे घेतल्यावरून संसदेतून ११ खासदार काढले गेले, त्यांत आपल्या खानदेशातले दोघे होते. अण्णा अशा माणसाला दारातच विचारायचे, ‘गावातल्या कुणाची सही आणलीस?’ सही नसली की चहासुद्धा नाही.

हिवाळी अधिवेशन नागपूरला असतं, १९५३ च्या नागपूर कराराची ती आठवण. तिथं दिवस थोडे आणि हुरडा पार्ट्यांची निमंत्रणं भरपूर. रात्री हुरडा खाऊन आलेला सदस्य सकाळी प्रश्नोत्तराच्या तासाला दिसत नाही, आणि नेमका त्याच दिवशी त्याचा प्रश्न वर आलेला असतो. शनिवारी जा.

शेवटचं काम सभागृहाबाहेरचं. बोलून झाल्यावर त्या दिवसाच्या कार्यवाहीची असुधारित प्रत मिळवा आणि मंत्र्यांच्या तोंडची तारीख तशीच उतरली आहे ना, ते बघा. मग तुमच्या लेटरहेडवर त्या ओळीचा हवाला देऊन खात्याच्या सचिवांना पत्र, प्रत उपअभियंत्याला. तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी दुसरं पत्र. एक जाड वही करा: डावीकडं आश्वासन, उजवीकडं काय झालं. उजवी बाजू बरेच महिने कोरी राहील, तरी वही चालू ठेवा. लेखी उत्तराची झेरॉक्स ग्रामसभेत वाचून दाखवा. गावातली माणसं त्यातली खोटी ओळ तुमच्यापेक्षा लवकर पकडतात, आणि तिथंच पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न तयार होतो.

मसुदा झाला की मला व्हॉट्सअॅप करा. सोबत टँकरच्या नोंदवहीचा फोटो हवा. तो नसेल तर मी मसुदा उघडणारसुद्धा नाही.