रात्री उन्हाची वीज

सूर्य मावळला की उन्हावर होणारी वीज थांबते. आणि आपल्याला अभ्यासाला दिवा लागतो तो तर रात्रीच! मग करायचे काय?

स्पेन देशात सेव्हिल शहराजवळ 'जेमासोलर' नावाचे वीजकेंद्र सन २०११ मध्ये सुरू झाले. तेथे १४० मीटर उंच मनोरा आहे. भोवती २,६५० मोठमोठे आरसे. ते सूर्याबरोबर वळतात व सगळे ऊन मनोऱ्याच्या माथ्यावर टाकतात. तिथल्या नळ्यांतून वितळलेले मीठ वाहते. आपले जेवणातले मीठ नव्हे हं! सोडियम नायट्रेट व पोटॅशियम नायट्रेट यांचे ते मिश्रण असते. यातले दुसरे म्हणजे सोरा. द्राक्षबागवाले पालक १३:०:४५ खत म्हणून तो ओळखतील.

हे मीठ २९० अंशांवर वर चढते, ५६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि खाली गरम टाकीत साठते. पाणी एवढे तापवले तर त्याची वाफ होऊन बंद टाकी फुटायची. मीठ मात्र पातळच राहते. रात्री त्याच मिठाच्या उष्णतेने पाण्याची वाफ करतात व वाफेवर जनित्र फिरवतात. ऊन नसताना १५ तास पुरेल एवढी उष्णता साठवता येते.

भीती एकच. सुमारे २४० अंशांखाली मीठ गोठू लागते. नळीत गोठले की वाट बंद! म्हणून उष्णता देऊन आलेले मीठ ज्या टाकीत ठेवतात, तीही २९० अंशांवर राखतात. पाणी तर १०० अंशांलाच उकळते. तरी तिथले कामगार त्या टाकीला 'थंड टाकी' म्हणतात.