डोंगल, पिन आणि बंदिस्त ब्राउझर

भोर तालुक्याच्या पश्चिमेकडील हिर्डोशी खोऱ्यात असो की वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यातील पासली-केळद भागात, ग्रामपंचायतीच्या खर्चाचा बराचसा भार आज यूएसबीच्या एका छोट्या उपकरणावर येऊन पडला आहे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज प्रणालीतून वित्त आयोगाच्या निधीची देयके अदा करताना सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, या दोघांनाही डिजिटल स्वाक्षरी करावी लागते आणि त्या स्वाक्षरीचे प्रमाणपत्र ज्या टोकनमध्ये असते त्याला बोलीत ‘डोंगल’ म्हणतात. सहीसाठी लागणारी खासगी की, म्हणजे केवळ धारकाच्या ताब्यात असावी अशी गुप्त संख्या, डोंगलमधील चिपमध्येच राहते. सही चिपच्या आत होते आणि फक्त तिचा निकाल बाहेर येतो.

जुन्या संगणकावर नवी संचालन प्रणाली बसवल्यानंतर हाच डोंगल अचानक ‘दिसेनासा’ होतो, असा अनेकांचा अनुभव आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपल्यावर अशा संगणकांवर उबुंटू ही लिनक्स प्रणाली बसवण्याचा मार्ग काही जण स्वीकारतात. मात्र २२.०४ या आवृत्तीपासून उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातून फायरफॉक्स ब्राउझर ‘स्नॅप’ या बंदिस्त स्वरूपातच मिळतो. या बंदिस्तपणाला सँडबॉक्स म्हणतात. ब्राउझरला संगणकाचा ठरावीक भागच दिसतो आणि बाकीच्या फायली, सेवा व उपकरणे यांच्यापर्यंत तो विशेष परवानगीशिवाय पोहोचू शकत नाही. एखाद्या घातक संकेतस्थळाने ब्राउझरचा ताबा घेतला तरी संपूर्ण संगणक त्याच्या हाती जाऊ नये, हा या कुंपणाचा हेतू रास्त आहे, पण त्याच कुंपणाने डोंगलचीही वाट अडते.

ही वाट तीन टप्प्यांची असते. पहिला टप्पा यूएसबी जोडणीचा, दुसरा लिनक्सवरील ‘पीसीएससीडी’ या सेवेचा, जी स्मार्टकार्ड आणि टोकन यांच्याशी संवाद साधते, आणि तिसरा ‘पीकेसीएस-११’ मोड्यूलचा, म्हणजे डोंगलच्या उत्पादकाने दिलेल्या त्या फाइलचा, जिच्यामार्फत ब्राउझर डोंगलला सही मागतो. बंदिस्त फायरफॉक्समध्ये तिसरा टप्पा, आणि विशेष परवानगी नसल्यास दुसराही, तुटतो. ‘सिक्युरिटी डिव्हाइसेस’च्या खिडकीत मोड्यूलचा अचूक मार्ग भरूनही ते जोडता येत नसल्याचा संदेश येतो, कारण संगणकाच्या ज्या फोल्डरात ती फाइल असते ते फोल्डर ब्राउझरच्या नजरेस पडतच नाही. डोंगलचा दिवा मात्र लुकलुकत असतो.

खरी हानी होते ती यानंतर. डोंगल बिघडला असे समजून पिन पुन्हा पुन्हा भरून पाहिला जातो आणि ठरावीक चुकांनंतर डोंगल कुलूपबंद होतो. किंवा कोणाच्या तरी सल्ल्याने ‘इनिशियलाइझ’ची आज्ञा दिली जाते आणि आतील की कायमची पुसली जाते. तिची प्रत कोठेही नसल्यामुळे नवे प्रमाणपत्र घेणे, त्याची प्रणालीत नोंदणी करणे आणि त्या नोंदणीला वरून मंजुरी मिळवणे एवढे सारे नव्याने करावे लागते, आणि मार्चअखेरीस हे ओढवले तर देयके अडकून पडतात. म्हणून दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे ठरेपर्यंत पिनला हात लावू नये. ‘ओपनएससी’ या मुक्त संचातील ‘पीकेसीएस-११ टूल’ने, उत्पादकाचेच मोड्यूल देऊन, डोंगलमधील प्रमाणपत्रांची यादी बहुधा पिन न भरताच पाहता येते. ती यादी ब्राउझरबाहेर दिसली तर डोंगल ठणठणीत असून अडथळा बहुधा कुंपणाचा आहे, हे कळते.

त्यानंतरचा उपाय संकेतस्थळ सही कशी घेते यावर ठरतो. २०१५ मध्ये क्रोमने आणि २०१७ मध्ये फायरफॉक्सने जावा अ‍ॅपलेट चालवणारी जुनी जोडणी बंद केल्यापासून अनेक शासकीय संकेतस्थळे सहीसाठी संगणकावर वेगळा साहाय्यक प्रोग्रॅम बसवायला सांगतात. तो कुंपणाबाहेर राहून डोंगलशी बोलतो आणि ब्राउझर १२७.०.०.१ या संगणकाच्या स्वतःच्याच पत्त्यावर त्याला गाठतो. येथे ब्राउझरने डोंगल पाहण्याची गरजच नसते. मात्र साहाय्यक या जोडणीसाठी स्वतःचे वेगळे प्रमाणपत्र वापरत असेल, तर त्याला त्याच ब्राउझरमध्ये मान्यता द्यावी लागते, आणि स्नॅपची प्रोफाइल वेगळ्या ठिकाणी असल्याने जुन्या फायरफॉक्समध्ये दिलेली मान्यता आपोआप लागू होईलच असे नाही.

जेथे ब्राउझरलाच डोंगल वाचावा लागतो, तेथे मोझिलाने जानेवारी २०२४ पासून स्वतःच्या भांडारातून उपलब्ध केलेला ‘डेब’ स्वरूपातील फायरफॉक्स बसवणे हा सरळ मार्ग होय. मात्र त्या भांडाराला अग्रक्रम देण्याची नोंद केली नाही, तर पुढील अद्ययावतीकरणात उबुंटू पुन्हा स्नॅपच आणून ठेवते. यात बाहेरचे कुंपण निघाले तरी वेबपानांना वेगळे ठेवणारी फायरफॉक्सची अंतर्गत तटबंदी कायम राहते. तरीही हा ब्राउझर सहीच्या कामापुरताच वापरावा आणि रोजच्या वापरासाठी बंदिस्त ब्राउझर ठेवावा, हे अधिक सुरक्षित.

यंत्राची वाट मोकळी झाली तरी धारकाची जबाबदारी संपत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ नुसार खासगी की आपल्या नियंत्रणात ठेवण्याची वाजवी काळजी धारकाने घ्यायची असते आणि ती दुसऱ्याच्या हाती गेल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवायचे असते. पावसाळ्यात रस्ते आणि वीज बेभरवशाची असताना दूरच्या वाडीतून पुन्हा पुन्हा येणे टाळण्यासाठी डोंगल आणि पिन दोन्ही संगणकचालकाकडे ठेवण्याची सोय कितीही समजण्यासारखी असली, तरी त्या सहीने झालेल्या प्रत्येक देयकाचा जाब धारकालाच द्यावा लागतो. जोडणी दुरुस्त करण्यासाठी चालकाला डोंगल समोर बसून दाखवावा. पिन मात्र धारकाने स्वतःच भरावा आणि काम होताच डोंगल काढून स्वतःजवळ ठेवावा.