चित्रावर साल लिही

धुळे,
१२ डिसेंबर २०२५

चि. छोटीस,


तू पाठवलेला माहितीपुस्तिकेचा मसुदा दोनदा वाचला. क्लाउडची सगळी मांडणी एका कमांडमध्ये चित्र करून देणारं टूल तुम्ही चौघांनी जळगावात बसून बनवलंत, याचा मला फार अभिमान वाटतो. म्हणून स्पष्टच लिहितो. टूल काय काय करतं ते मसुद्यात सगळं आलंय. पण तयार झालेली इमेज तुमच्या हातून सुटल्यावर तिचं पुढे काय होतं, यावर एक ओळही नाही.

मी पुण्यात नोकरीला होतो तेव्हाची, २०१९ सालची एक रात्र सांगतो. दीडच्या सुमारास डेटाबेस बसला. कुणीतरी जुन्या मेलमधून एक पीएनजी शोधून काढली. मुंबई रीजनमधल्या दोन झोनमध्ये डेटाबेसच्या दोन प्रती, मध्ये बाण, सगळं नीटनेटकं. आम्ही दुसऱ्या प्रतीवर काम वळवायला गेलो, तर ती प्रतच नव्हती. खर्च कमी करताना ती कधीच काढून टाकली होती. ज्या दिवशी काढलं त्या दिवशी चित्र बरोबरच होतं. तो दिवस कोणता, हे मात्र त्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. आम्ही पहाटे साडेपाचला घरी गेलो. तेव्हापासून तारीख नसलेली आकृती दिसली की मी आधी ती कुणी आणि कधी काढली ते विचारतो.

तू लहान असताना तुला इथल्या राजवाडे संशोधन मंडळात नेलं होतं, आठवतं? इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या डिसेंबरात धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी हे मंडळ उभं राहिलं. ज्या प्रकारच्या कागदांमागे ते गावोगाव हिंडले, त्यांत कितीतरी पत्रं अशी, की चंद्राची तिथी आहे, मोहरम-सफर असा महिना आहे आणि साल नाही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊकच होतं, मग लिहायचं कशाला? पुढे संशोधकांना मजकुरातली मोहीम कोणती, माणसं कोण, पाऊस पडतोय की थंडी आहे, असं सगळं ताडून एकेका पत्राचं साल ठरवावं लागलं. तुझी पीएनजी म्हणजे असंच पत्र आहे गं. आज ऑफिसात सगळ्यांना सगळं ठाऊक आहे. दोन वर्षांनी त्यातलं कुणी तिथे नसेल.

म्हणून चित्राच्या खालच्या कोपऱ्यात तारीख, ज्या फाइलवरून ते निघालं तिचं नाव आणि आवृत्ती, आणि ही मांडणी चाचणीची की चालू कामाची, एवढं टूलनेच छापावं. वापरणाऱ्यावर सोडू नकोस, तो विसरणार. आणि असं का करतो, ते पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिही.

आता मला खटकलेलं एक वाक्य. ‘उत्तम दर्जासाठी एसव्हीजी निवडा’ असं तू लिहिलंस. मी तुझी नमुन्याची एसव्हीजी माझ्या मशीनवर उघडली. चौकटी आल्या, बाण आले, नावं आली, आणि आयकॉनच्या जागी सगळीकडे रिकामं. फाइल मजकूर म्हणून उघडली तेव्हा कळलं की आत आयकॉन नाहीतच, तुझ्या लॅपटॉपवरच्या फोल्डरचा पत्ता तेवढा आहे. तुमचं टूल पायथनच्या ‘डायग्राम्स’ लायब्ररीवर बसलंय आणि चित्र काढतं ग्राफविझ. ते एसव्हीजीत आयकॉनचा मार्ग लिहून मोकळं होतं. तुझ्याकडे उत्तम दिसतं, कारण आयकॉन तुझ्याकडेच आहेत. एकतर आयकॉन फाइलच्या आत भरायची सोय करा, नाहीतर बाहेर पाठवायला पीएनजी किंवा पीडीएफ वापरा असं ठळक लिहा.

तसंच ग्राफविझचं. ‘पिप इन्स्टॉल केलं की झालं’ हे तुझ्या मशीनपुरतं खरं आहे. ग्राफविझ वेगळं बसवावं लागतं, पिप ते आणत नाही. आणि ‘जळगाव शाखा’ असं देवनागरी लेबल ज्या सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नाही तिथून काढून बघ, नुसते चौकोन येतील. मराठी पोरांनी केलेल्या टूलमध्ये ही सूचना नसावी, याचं मला खरंच वाईट वाटलं. इमेज कुणाला पाठवण्याआधी बारा आकडी अकाउंट नंबर आणि आतले आयपी पत्ते झाकायचे, हेही पहिल्या पानावर येऊ दे.

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला आपण जातो. तिथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापला त्याचा. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणि’ लिहिला तो श्लोकांत, अगदी आटोपशीर. पण त्यातल्या ग्रहगणितावर आणि गोलाध्यायावर ‘वासनाभाष्य’ही त्यांनी स्वतःच लिहिलं. वासना म्हणजे इथे उपपत्ती, हे असंच का याचं कारण. ज्याने सूत्र बांधलं, त्यालाच त्यातली अडचणीची जागा आधी ठाऊक असते. तुमच्या टूलमधल्या अशा जागा तुम्हा चौघांनाच ठाऊक आहेत. त्या मोकळेपणाने लिहा, लाजू नका.

सुधारलेला मसुदा आधी मला नको. आत्याच्या धाकट्याला दे, त्याला पायथन जुजबी येतं. त्याच्यासमोर पुस्तिका ठेव, शेजारी बस आणि चित्र निघेपर्यंत तोंडातून शब्द काढू नकोस. तो जिथे अडेल, तिथे वहीत खूण कर. त्याच्या लॅपटॉपवर ग्राफविझ नाही, हे मी काल फोनवर विचारून घेतलंय. रविवारी दोघं इकडे या, मामीने भरताची वांगी आणून ठेवली आहेत. येताना वही घेऊन ये.

तुझा,
मामा