पाळीतील वेदना आणि गर्भाशयाचे रक्षण

निपाणी परिसरात विडी वळणाऱ्या किंवा ऊसतोडीस आलेल्या स्त्रिया माझ्याकडे येतात, त्या बहुधा दुखणे असह्य झाल्यावरच. ‘पिशवीच काढून टाका’ अशी काहींची विनवणी असते. २०१९ मध्ये महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. तेथील टोळ्या हंगामात सीमाभागातही येतात. म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन द्रव्ये निर्माण होतात. त्यांमुळे स्नायू आकुंचन पावून कळा येतात. आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड ही औषधे त्या द्रव्यांची निर्मितीच रोखतात. म्हणून कळ सुरू होताच, अन्नासोबत, वैद्यकीय सल्ल्याने घ्यावीत. अल्सर, दमा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. ओटीपोटावरील शेक आणि नियमित व्यायामही उपयुक्त ठरतो.

वेदना उत्तरोत्तर वाढत असल्यास, पाळीव्यतिरिक्तही दुखत असल्यास किंवा रक्तस्राव फार होत असल्यास एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइड, जंतुसंसर्ग यांची तपासणी अवश्य करावी. शस्त्रक्रिया क्वचित अपरिहार्य असते. परंतु तो तपासणीनंतरचा निर्णय असावा, मजुरी बुडू नये म्हणून केलेली तडजोड नव्हे.