चहाचा भाव कोण ठरवतो?

गणेशपुरीच्या गरम कुंडांवर येणारा माणूस बाजारात चहा घेतल्याशिवाय परतत नाही. तिथल्या हॉटेलवाल्याची तक्रार नेहमीची : चहा पावडर महागली की कपाचा भाव वाढवावा लागतो. पण वाढलेला पैसा पान पिकवणाऱ्याला पोहोचतो का? बहुधा नाही. असे का होते, हे आपल्या धंद्यासाठीही समजून घेण्यासारखे आहे.

आपला चहा मुख्यतः आसाम, उत्तर बंगाल आणि नीलगिरीतून येतो. आज देशातला सुमारे निम्मा चहा छोट्या शेतकऱ्यांच्या पानांपासून तयार होतो. त्यांतील बहुतेकांकडे स्वतःचा कारखाना नाही. खुडलेले पान काही तासांत कारखान्यात गेले नाही तर खराब होते. शिवाय एक किलो चहाला सुमारे साडेचार किलो हिरवे पान लागते. ते लांब वाहून नेणे परवडत नाही. म्हणून जवळचा कारखानदार किंवा दलाल देईल तो भाव घ्यावा लागतो. विकणारे हजारो आणि घेणारे दोन-चार, ही खरेदीदाराची मक्तेदारी होय.

कारखानदारालाही पुढे मोठे गिऱ्हाईक भेटते. ब्रुक बाँड आणि लिप्टन 1993 मध्ये एक झाल्या आणि 1996 मध्ये हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाल्या. दुसरीकडे टाटांचा चहा. लिलावात अशा बड्या खरेदीदारांचा हात आखडला की भाव उतरतो आणि त्याचा फटका शेवटी शेतकऱ्याला बसतो.

यावर उपाय झाले आहेत. नीलगिरीत छोट्या शेतकऱ्यांनी सहकारी कारखाने काढले. त्यांचा महासंघ 'इंडकोसर्व्ह' 1965 पासून आहे. चहाच्या विक्रीभावातून शेतकऱ्याचा हिस्सा ठरवण्याची तरतूद 2003 च्या सरकारी आदेशात आहे. 2002 च्या स्पर्धा कायद्यानुसार मोठे असणे हा गुन्हा नाही. मोठेपणाचा गैरवापर करणे बेकायदा आहे.

आता भिवंडीकडे पाहू. कापड पानासारखे नासत नाही, पण विजेचे बिल आणि सुताचे पेमेंट थांबत नाही. अशा अडचणीच्या दिवशी मागवाला ग्रे कापड घेऊन येतो. मी स्वतः व्यापारी आहे. अशा वेळी मीही भाव पाडून माल घेतला आहे, आणि पुढे त्याच मागवाल्याने माग भंगारात विकताना पाहिले आहे. चांगला माल देणारा माणूस मी गमावला.

म्हणून प्रत्येक कारागिराने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. माझा माल किती दिवस थांबू शकतो? घेणारे किती आहेत? सूत देणारा आणि कापड घेणारा एकच तर नाही ना? उत्तरे प्रतिकूल असतील तर चार-पाच जणांनी मिळून सूत घ्यावे, थोडे भांडवल राखून ठेवावे आणि दुसरे गिऱ्हाईक शोधावे. ज्याला थांबता येते, त्यालाच भाव बोलता येतो.